कोगनोळीचा नाका म्हणजे देशाची हद्द नव्हे

गेल्या महिन्यात बेळगावातल्या आमच्या गल्लीतल्या पोरांनी एका निवेदनाचा मसुदा माझ्याकडे आणून दिला. 'सर, शुद्धलेखन तेवढं बघून द्या की,' एवढंच म्हणणं. मागणी जुनीच होती. सरकारी परिपत्रकं, जमिनीचे उतारे, बसवरच्या पाट्या कन्नडबरोबर मराठीतही मिळाव्यात. पहिले तीन परिच्छेद वाचून बरं वाटलं. कलमं बरोबर, भाषा संयमाची, कुठं आरडाओरडा नाही. चौथ्या परिच्छेदात मात्र ही ओळ होती : 'परदेशातून आलेल्या घुसखोरांना या देशात सगळ्या सवलती मिळतात आणि पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहणाऱ्या सीमावासीयांना साधा कागद आपल्या भाषेत मिळत नाही.' शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. तरी मी त्या ओळीखाली लाल रेघ मारली.

'का सर? खोटं हाय काय त्यात?' एकानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच कळलं नव्हतं. मी तेव्हा काहीतरी अर्धवट बोललो. पोरं उठून गेल्यावर रात्रभर ते मनात राहिलं. जे त्यांना सांगायला हवं होतं ते इथं लिहितो आहे, कारण ही ओळ एका निवेदनापुरती नाही. ती आमच्या सभांत आहे, लग्नाच्या मांडवातल्या गप्पांत आहे, मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत आहे.

त्या ओळीत दोन गोष्टी एका 'आणि'नं जोडल्या आहेत. तो 'आणि' जरा बाजूला ठेवून बघा. समजा, या देशात बिनपरवाना राहणारा प्रत्येक परदेशी माणूस उद्या सकाळी निघून गेला. सोमवारी कार्यालयात गेल्यावर उतारा मराठीत मिळेल? मिळणार नाही. समजा, उतारा मराठीत मिळू लागला. मग पूर्वेच्या सीमेवर रात्री नदी ओलांडणारा एक तरी माणूस थांबेल? थांबणार नाही. एकाचा निकाल लागला म्हणून दुसरा प्रश्न केसभरही हलत नाही. कशाचा पायपोस कशात नाही. तरी वाक्य कानाला गोड लागतं, कारण सत्तर वर्षांची आमची खरी खंत त्यात दुसऱ्या एका रागाला आपलं वजन उसनं देते.

आणि त्यात बुडतं कोण? आपणच. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी असं सांगणारं ३५०-अ हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं घटनेत आलं. ज्या वर्षी आमचं राज्य बदललं त्याच वर्षी, आमच्यासारख्यांसाठीच. हा हक्क स्वतःच्या पायावर उभा आहे, दुसऱ्या कुणाला काय मिळतं किंवा मिळत नाही यावर तो अवलंबून नाही. निवेदन वाचणारा अधिकारी चौथ्या परिच्छेदाला पोचला की पहिले तीन विसरतो. त्याला दिसतो फक्त मत्सर, आणि मत्सराच्या अर्जाला उत्तर द्यायला तो बांधील नसतो.

'सगळ्या सवलती' हेही खरं नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून जो नवा आप्रवास आणि विदेशी नागरिक कायदा लागू झाला, त्यात पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे. असा माणूस खोटे कागद करून काही मिळवत असेल, तर तो गुन्हा आहे आणि त्याचा तपास व्हायलाच हवा. पण कायद्यानं कुणी त्याच्यापुढं ताट वाढून ठेवलेलं नाही.

आता आमच्या घराविषयी सांगतो. शहापुरातलं आमचं घर कौलारू, साधं. आजोबा जन्मले तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. बेळगावच्या बाजारात जायचं म्हणजे संस्थानातून इंग्रजांच्या मुलखात पाऊल टाकायचं. १९४८ साली संस्थान विलीन झालं, म्हणून धाकटे काका जन्मले ते मुंबई राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, मी जन्मलो म्हैसूर राज्यात. १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, माझी लेक कर्नाटकात जन्मली. चार जन्म, चार राज्यं, आणि बाळंतिणीची खोली एकच.

म्हणून आम्हांला कुणी 'उपरे' म्हटलं, 'तिकडं महाराष्ट्रात जावा' म्हटलं, की काळजात कळ उठते. ते बोलणारे जी तुलना करतात ती मुळातच कोसळते. आम्ही कुठून आलोच नाही. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. त्या दाव्याचा निकाल कुठल्याही बाजूनं लागला तरी आमच्यापैकी एकाचंही नागरिकत्व बदलणार नाही. वाद एवढाच आहे की एकाच देशातलं हे गाव कुठल्या राज्यानं चालवावं. घुसखोरीचा प्रश्न मुळात वेगळा, कारण तिथं माणूस या देशाचा आहे की नाही हेच ठरवायचं असतं.

माझे काही मित्र, मनानं फार चांगली माणसं, याच गोष्टीची दुसरी बाजू धरतात. ते म्हणतात, 'आपल्यालाही उपरे म्हणतात, तेव्हा बांगलादेशातून आलेल्यांच्या बाजूनं आधी आपणच उभं राहायला हवं.' त्यांचा कळवळा मला समजतो, तुलना पटत नाही. बेळगावातला मराठी माणूस आणि चोरवाटेनं आलेला परदेशी माणूस यांना एका रांगेत उभं केलं की आमचा हक्क दयेच्या अर्जासारखा दिसायला लागतो. दया मागणाऱ्याला नाही म्हणता येतं. आम्हांला नाही म्हणता येत नाही, हाच तर आमचा मुद्दा. बाहेरून आलेल्याला माणुसकीनं वागवायचं तर तो माणूस आहे एवढं कारण पुरे. त्यासाठी त्याला बेळगावकर करायची गरज नाही.

हा गोंधळ का होतो तेही मला माहीत आहे. आम्हांला नाक्यांची सवय आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर आरटी-पीसीआरचा कागद मागत होते. महाराष्ट्रातलं कागल आणि कर्नाटकातलं निपाणी यांच्यात सोयरिकी किती आहेत हे इथल्या कुणालाही विचारा. मर्तिकाला निघालेली माणसं बॅरिकेडपाशी उभी राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोल नाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, बस बंद झाल्या. असे दिवस पुन्हा पुन्हा आले की मनात तो नाका म्हणजेच सरहद्द होऊन बसतो. पण घटनेच्या १९ व्या कलमानं देशात कुठंही जाण्याचा, कुठंही राहण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे. बीडहून कोयता घेऊन अथणी-चिकोडीच्या उसात उतरणारी टोळी, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत भट्टीपुढं उभा असलेला ओडिशाचा पोरगा, आमच्या खानापूरकडून गोव्याला मजुरीसाठी जाणारी माणसं, या सगळ्यांना तो हक्क आहे. गोव्यात आमच्या माणसांना 'घाटी' म्हणून हिणवतात तेव्हा आम्ही तेच सांगतो. बरोबर सांगतो.

देशाची खरी हद्द कशी असते हे माझ्या आजोबांनी बघितलं होतं. ते शहापुरी लुगडी घेऊन गोव्याला जात. गाडी कॅसलरॉकला थांबायची, कारण पुढं पोर्तुगिजांचं राज्य. कस्टमवाले गाठोडी सोडायचे, लुगड्यांच्या घड्या मोडायचे, कागद बघायचे. घडी मोडलेलं लुगडं पुन्हा तसं बसत नाही याचं त्यांना फार वाईट वाटायचं, ते शेवटपर्यंत सांगत. १९५५ ला नाकेबंदी आली आणि ती वाटही बंद झाली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पुढच्या वर्षी एका हुकमानं गोव्याचे रहिवासी भारताचे नागरिक झाले, आणि कॅसलरॉक हे जंगलातलं एक साधं स्टेशन उरलं. वाट तीच, डोंगर तोच, लुगडी तीच. कायद्यानं रेघ पुसली आणि त्याच प्रवासाचा सगळा अर्थ बदलला.

म्हणून 'शेवटी सगळे पोटासाठीच जातात, मग फरक काय' हे वाक्य मला अपुरं वाटतं. भूक सारखीच असते, ती बीडची असो की बांगलादेशातली. पण ऊसतोड मजुरानं कुठलीच हद्द मोडलेली नाही. त्याला परदेशी माणसाच्या शेजारी बसवलं की त्याचा जो खरा प्रश्न आहे, मुकादमाची उचल, पोरांची बुडालेली शाळा, पालातली बाळंतपणं, तो मागे पडतो.

गोव्याचाच आणखी एक दाखला इथं वादात काढतात. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो सत्याग्रही बिनपरवाना पोर्तुगिजांच्या हद्दीत शिरले, गोळीबारात वीसहून अधिक जण गेले. 'मग तेही घुसखोरच म्हणायचे का?' असा प्रश्न. सत्याग्रही दिवस जाहीर करून, दिवसाउजेडी, झेंडा धरून गेले. पकडलं जावं हाच त्यांचा हेतू होता. चोरवाटेनं येणाऱ्याला लपायचं असतं, कारण त्याला इथं जगायचं असतं. दोघांत सारखं एकच, परवाना नसणं. तेवढ्यावर तुलना बेतली तर सत्याग्रहींचा अपमान होतो आणि त्या गरिबाचंही काही भलं होत नाही.

आता ज्या तुलनेनं मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केलं ती. गेल्या वर्षी न्हाणीघराची फरशी बदलायला दोन पोरं आली होती, पश्चिम बंगालातल्या मालदा जिल्ह्यातली. थापीनं मसाला पसरायचा, दोरी लावायची, लाकडी हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा. पोकळ वाजली की फरशी उचलून पुन्हा बसवायची. शेजारचे आण्णा दारात आले. 'सर, कुठली पोरं ही? बांगलादेशी तर न्हवेत न्हवं?' मग त्या थोरल्या पोराला थेट विचारलं, 'मराठी येतंय काय रे?' तो म्हणाला, 'थोडा-थोडा, चाचा.' आण्णांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे बघा, ठरलंच. पोरगा उठला. हात पँटीला पुसले, पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं. आधार, मतदार ओळखपत्र, वडिलांच्या नावचा जमिनीचा पर्चा, गावच्या प्रधानाच्या सहीचा दाखला. सगळं लॅमिनेट केलेलं, कोपरे झिजलेले. किती जणांनी किती वेळा मागितलं असेल ते त्या कोपऱ्यांवरून कळत होतं. कुणी न सांगता त्यानं ते माझ्या पुढ्यात धरलं.

आण्णा वाईट माणूस नाही. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत. त्या जूनमध्ये गोळीबारात आमची माणसं गेली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. भाषेवरून माणसाचा हक्क ठरू नये म्हणून ज्यानं मार खाल्ला, तोच माणूस एका पोराचा देश त्याच्या भाषेवरून ठरवत होता. बंगाली ही बांगलादेशाची भाषा, तशीच ती भारताच्या एका मोठ्या राज्याचीही भाषा. हे माप लावायचं तर बेळगावात मराठी बोलणाऱ्याला 'तिकडं जा' म्हणणाऱ्याचं तोंड आम्ही कुठल्या शब्दांनी बंद करणार?

आणि या मापानं काय होतं ते दिसलेलं आहे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईजवळ काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडं ढकललं गेलं, आणि ते भारतीय असल्याचं स्पष्ट झाल्यावर परत आणावं लागलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं. फरशी बसवणाऱ्या त्या पोराच्या जागी मी माझ्या पोरांना ठेवून बघतो. ही तुलना मी जाणूनबुजून करतो, कारण इथं दोन्हीकडची अडचण एकच आहे, भाषेवरून घेतलेला संशय.

'खरा असेल तर कागद दाखवेल, त्यात काय?' असं म्हणणाऱ्यांनी आपली ट्रंक एकदा उघडून बघावी. मी उघडली. आजोबांचं खरेदीखत मोडीत. वडिलांचा शाळेचा दाखला मराठीत. जमिनीची पहाणी, म्हणजे उतारा, कन्नडमध्ये. मतदारयादीतलं नाव कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं. आईचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं, आणि जन्मगावाच्या रकान्यात कुठं शहापूर, कुठं बेळगाव, २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी. आसामात नागरिक नोंदवहीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ ला लागली. १९ लाख ६ हजार ६५७ अर्जदार बाहेर राहिले, आणि त्यांत नावाच्या अक्षरांचा मेळ न बसलेले कितीतरी होते. त्यात एका गोष्टीकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. एरवी गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते, पण मी परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावरच आहे. १९४६ च्या विदेशी नागरिक कायद्यात तसं होतं, नव्या कायद्यातही तसंच आहे. आधार कार्ड तर नागरिकत्वाचा पुरावा धरतच नाहीत. सीमाभागातल्या माणसाइतकी कागदांची ही फरफट कुणाला कळायला हवी?

एवढं सगळं म्हणून मी घुसखोरी हा प्रश्नच नाही असं म्हणतो का? नाही. आपल्या मुलखात कोण येतं, कोण राहतं हे ठरवण्याचा अधिकार देशाला आहे. आसामी लोकांनी १९७९ ते १९८५ अशी सहा वर्षं आंदोलन केलं, ते आपल्या भाषेच्या आणि जमिनीच्या काळजीपोटी. भाषेची काळजी म्हणजे काय हे आम्हांला कुणी शिकवायला नको. त्या काळजीला थेट उत्तर द्यायला हवं. सीमेवर पहारा नीट हवा, ज्याच्यावर संशय आहे त्याची चौकशी वेळेत हवी, त्याला वकील हवा, आणि बंगालमधल्या त्याच्या पोलीस ठाण्याला विचारल्याशिवाय कुणाला उचलून नेऊ नये. हे बोलायचं सोडून आपण तुलनांची उतरंड रचत बसतो.

'घराला दार असतं, न विचारता आत येईल तो चोर' हा तर नेहमीचा दाखला. पण चोराला कुणी बोलावून कामावर ठेवत नाही, शनिवारी त्याचा पगार करत नाही. ठेकेदाराला स्वस्तात हात हवे असतात, दलालाला दलाली हवी असते. चोराचा दाखला दिला की ही दोघं अलगद बाजूला होतात आणि शिव्या खायला फक्त मजूर उरतो. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानानं १०४ भारतीयांना हातापायांत बेड्या घालून अमृतसरला आणून सोडलं. तेव्हा आमच्या घराघरांत कुणी त्यांना चोर म्हटलं नाही. 'एजंटानं फसवलं बिचाऱ्यांना, जमीन विकून गेली होती पोरं,' असंच म्हणाले. कृती तीच, कारण तेच, कायदाही तसाच मोडलेला. ही तुलना खरी आहे, म्हणूनच ती आमच्या चर्चेत कधी येत नाही.

दुसरी खरी तुलना मुंडगोडच्या तिबेटींची. थंडीत स्वेटर विकणारी ती माणसं आमच्या ओळखीची. त्यांची वसाहत १९६६ पासून इथं आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. ती माणसं जीव वाचवायला डोंगर उतरून आली. सरकारनं नोंद करून घेतली, राहायला जमीन दिली. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, तरी हे केलं. मग जीव वाचवायला आलेल्या दुसऱ्या कुणाला वेगळा न्याय का, या प्रश्नाला 'ते वेगळं' एवढं म्हणून भागत नाही. उत्तर वेगळं निघूही शकेल, पण ते कारणासह द्यावं लागेल.

आणि तिसरी जतची, अक्कलकोटची. तिथं पिढ्यान्‌पिढ्या कन्नड बोलणारी माणसं आहेत, महाराष्ट्रात. आमची जुळणी करायची तर त्यांच्याशी करा. त्यांच्या कन्नड शाळेला शिक्षक मिळतो का, त्यांना कन्नडमध्ये कागद मिळतो का, हे आम्ही विचारलं तर इथल्या कन्नड माणसाशी आमचं बोलणं त्याच दिवशी सोपं होईल. ही तुलना आम्हांला थोडी महागात पडते, कारण मग महाराष्ट्र सरकारकडंही मागावं लागतं. तरी निवेदनात घालायची असेल तर मी हीच घालीन.

पोरांना मी तसं कळवलं. चौथा परिच्छेद काढा, त्या जागी ३५०-अ वर दोन ओळी घाला, आणि जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळांसाठीही आमचा हाच आग्रह आहे असं एक वाक्य लिहा. दोघं लगेच तयार झाले. ज्यानं 'खोटं हाय काय' म्हणून विचारलं होतं तो म्हणाला, 'सर, ती ओळ काढली तर सह्या कमी पडतील ओ.' तो खरं बोलत होता. कागदावर आजपर्यंत दोनशेच्या वर सह्या आहेत, पहिली आण्णांची. शुक्रवारी मारुतीच्या देवळात बैठक आहे. आण्णांच्या शेजारी बसायचं मी ठरवलं आहे, आणि ट्रंकेतले ते तिन्ही कागद सोबत नेणार आहे.